भुंगीचं माप

३ मार्च

ताई,

फ्रॉक मिळाला. बसला. अगदी छान बसला.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण मला मेलीला एका ओळीवर थांबता कुठं येतं! फोन केला असता, तर तू माझा नंबर बघून उचलत नाहीस. म्हणून कागद. फाडायचा असेल तर निदान वाचून फाड.

फ्रॉकच्या घडीत तुझी चिठ्ठी होती. "खोली मिळाली आहे. शाळा सुरू व्हायच्या आत भुंगीला न्यायला येते. अंदाजानं शिवला आहे, नेमकं माप पाठव." वर्षभराचा अबोला आणि त्यावर ही तीन वाक्यं. आई कशी आहे, तू कशी आहेस, काही नाही. बरोबरच आहे म्हणा, तुला दारापर्यंत पोचवताना मीही काही गोड बोलले नव्हते. पण सुरुवात कुणी केली? जेवताना, आईच्या देखत, आपल्या पोरीचं मनगट धरून म्हणालीस, "हिला काही खायला घालता की नाही?" अगं, त्या पोरीच्या मागे वाटी घेऊन मी घरभर पळते. एक घास खाते, थांबते, परत एक घास. माझं अर्धं आयुष्य त्या वाटीत चाललंय. आणि तू सणकन बोलून मोकळी. मग मीही बोलले, की जिनं टाकून दिली तिनं विचारू नये. तोंडातून गेलं ते गेलं. परत घेतेय असं समजू नकोस.

माप कशाला हवंय? तुझा अंदाज बरोबर आहे. कारखान्यात रोज शेकड्यानं कपडे शिवतेस, तुझा हात चुकेल कसा?

भुंगी मजेत आहे. दिवसभर गुणगुणायची म्हणून हे नाव पडलं, हल्ली तेवढी गुणगुणत नाही. मोठी होतेय. दुपारची जरा जास्त झोपते, पण पोरं झोपतातच. तेव्हा न्यायला येण्याची घाई करू नकोस. तू दिवसभर मशीनवर बसणार, तिला काय खोलीत कोंडून ठेवणार?

आता माझी बातमी. मला काम मिळालंय, आणि कसलं माहितेय? पोरं मोजायचं. हसू नकोस. या भागातल्या सगळ्या वस्त्यांवरची पोरं किती वाढलीत, किती सुरक्षित आहेत आणि किती शिकलीत हे बघायला सरकारनं पाहणी काढली आहे. पाच वर्षांच्या आतल्यांचं वजन, उंची, दंडाचा घेर. मोठ्यांचं वाचन. आणि घरात, रस्त्यावर, विहिरीपाशी पोराला धोका काय काय आहे ते. शेवटी प्रत्येक पोराला आणि प्रत्येक वस्तीला रंग मिळतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धावा. तुझी धाकटी बहीण आता गळ्यात ओळखपत्र घालून जीपमधून फिरते.

आई म्हणते, ताईला लिही की मी बरी आहे. लिहिलं.

तुझी,
धाकटी

१७ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी कुठं वाट बघतेय! पोस्टमन दिसला की उगाच चौकशी करते इतकंच.

हे जीपमध्ये बसून लिहितेय. पुढच्या वस्तीचा रस्ता खचलाय आणि ड्रायव्हरकाका खाली उतरून त्याच्याकडे बघत उभे आहेत, बघून बघून तो भरून येणार असल्यासारखे. माझ्यानं स्वस्थ बसवत नाही. म्हणून तुझं डोकं खाते.

आमची जोडी असते. माझा जोडीदार इतका उंच आहे की त्याला सगळे लंबू म्हणतात, आणि काम काय, तर पोरांची उंची घ्यायचं. गुडघ्यांवर बसतो बिचारा, तेव्हा कुठं पोराच्या डोळ्यांपर्यंत येतो. आमची पद्धत अशी: एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा, आणि मगच लिहायचा. दुसऱ्यानं म्हटला नाही तर तो आकडा धरायचाच नाही. आमच्या वरच्या बाई याबाबतीत भयंकर कडक. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, चष्म्यावरून बघतात तेव्हा मला शाळेत गेल्यासारखं वाटतं. सुरुवातीला मला हे परत म्हणणं पोरखेळ वाटला. आता इतकी सवय झालीय की आई म्हणाली "दोन बटाटे दे", तर मी म्हणते "दोन बटाटे".

काल एका म्हातारीनं विचारलं, "हे आकडे नेता कुठं?" म्हटलं, वर पाठवतो. "मग वरून काय येतं?" लंबू म्हणाला, "पुढच्या वर्षी परत आम्हीच येतो, आजी." म्हातारी इतकी हसली की तिचा नातू घाबरून वजनकाट्यावरून खाली उतरला. मला हसू आलं आणि रागही आला. लाल रंग मिळालेल्या वस्तीला आरोग्यगाडी द्यायचं ठरलंय. दिली नाही तर मी त्या मोठ्या बाईंच्या टेबलावर जाऊन बसेन. बघच तू.

शाळेत तर एकेक नमुने! वाचनाला आम्ही एक छोटा उतारा देतो. एका पोरानं घडाघडा म्हणून दाखवला. मी कार्ड उलटं केलं, तरी याचं चालूच! आधी वाचून गेलेल्या पोरांचं ऐकून पाठ केलेलं. गुरुजी म्हणतात, "बघा, किती हुशार आहे." हुशार आहेच हो, पण अक्षर येत नाही त्याला. चार वर्ग आणि एकटे गुरुजी, त्यांना तरी काय बोलणार.

घरांमध्ये काय सापडतं ते सांगितलं तर तुला जेवण जाणार नाही. सरबताच्या बाटलीत फवारणीचं औषध, तेही पोराच्या हाताला येईल असं. कठडा नसलेली विहीर आणि शेजारी दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरी. मी प्रत्येक घरी झापते. लंबू म्हणतो, "आपण नोंद करायला आलोय, भांडायला नाही." मी म्हणते, नोंदही करते आणि भांडतेही, माझ्या पगारात दोन्ही बसतं.

आणि गंमत ऐक. चिठ्ठ्या टाकून घरं निवडतात, त्यात आपलं घर निघालं! नियमाप्रमाणे मी आपल्या घरात मोजायचं नाही. लंबू आणि एक नवी मुलगी येणार. काल घरी गेल्या गेल्या मी आधी खाटेखालचं रॉकेल उचलून माळ्यावर टाकलं. आई म्हणाली, "वर्षभर इथंच होतं की." मी म्हटलं, तू गप्प बस.

एकदा मोजलं की झालं. मग तुलाही कळेल की मुलगी कशी आहे ते. सरकारी काटा काही माझ्या बाजूनं बोलणार नाही ना?

रस्ता काही भरला नाही. चालत निघालो.

धाकटी

२५ मार्च

ताई, हिरवी!

हिरवी आली भुंगी! साडेतेरा किलो! आधी हे वाच, मग बाकीचं.

सकाळी दोघं आले. मी कोपऱ्यात उभी, हाताची घडी घालून, पाहुण्यासारखी. स्वतःच्या घरात मला पाहुणी करून ठेवलं. काटा, फळी, पट्टी बघून भुंगीनं असं भोकाड पसरलं की शेजारपाजार गोळा झाला. काट्यावर पाय ठेवायला तयार नाही. एवढंसं रडली आणि धापा टाकायला लागली, ओठ काळेनिळे करून घेतले, नाटकी कुठली. उंचीच्या फळीला पाठ लावलीच नाही. दंडाला पट्टी लावू दिली नाही. लंबू घामाघूम. शेवटी म्हणाला, "कुणीतरी हिला कडेवर घ्या, तसंच वजन करू." आणि झालं एकदाचं. त्यानं आकडा वाचला, नवीन मुलीनं परत म्हटला, लिहिला. उंची आणि दंड पुढच्या फेरीत घेऊ म्हणाले. वजन हिरव्यात.

मी नाचायची बाकी होते. आईला मिठी मारली, तर म्हणते, "वेड लागलं का?"

तर आता बोल. "खायला घालता की नाही" म्हणत होतीस ना? घालतो. आणि लागतं तिच्या अंगाला. भुंगी इथंच राहणार. माझ्याजवळ झोपते ती, माझ्या पोटावर पाय टाकून. तुझ्या त्या खोलीत तिला झोप येणार नाही आणि इथं मला येणार नाही. झालं, बोलून टाकलं. न्यायला येऊ नकोस, ताई.

धाकटी

२ एप्रिल

ताई,

हे पत्र पोस्टात टाकेन की नाही ठाऊक नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही, आणि आईला सांगितलं तर ती रडेल.

आज एका घरात असंच झालं. वर्षाचं पोर, काट्यावर टिकेना. अशा वेळी आम्ही काय करतो, तर आधी आईला एकटीला काट्यावर उभी करतो आणि बटण दाबतो. काटा तिचं वजन पोटात घेतो आणि शून्य दाखवतो. मग तिनं न हलता पोर हातात घ्यायचं. काटा नुसतं पोराचं वजन दाखवतो. सोपं आहे. त्या घरात आई उभी राहिली, बटण दाबलं, शून्य आलं. तेवढ्यात पोर रडायला लागलं म्हणून आई उतरली आणि आत्याबाई पोराला घेऊन काट्यावर चढायला निघाल्या. मी खेकसले, "अहो, जी उभी राहिली होती तिनंच! दुसरीनं घेतलं तर दोघींच्या वजनातला फरक पोराच्या अंगावर येतो!"

आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

आपल्या घरी आई उभी राहिली होती, ताई. आपली आई. लंबूनं बटण दाबलं ते आईवर. आणि मग भुंगी आईकडं जाईना, माझ्या गळ्याला घट्ट. म्हणून आई उतरली आणि मी चढले. मी! कोपऱ्यातली पाहुणी. लंबू त्या रडारडीत इतका गोंधळला होता की त्याला सुचलं नाही. नवीन मुलीला माहीत नव्हतं. आणि मी तर रोज हेच काम करते, मला कळायला हवं होतं. मला फक्त आकडा हवा होता. तो दिसला आणि मी आंधळी झाले.

आई बारीक आहे. मी नाही. तो फरक माझ्या भुंगीच्या नावावर लागला.

परतताना लंबूला सांगितलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "असू दे ना. हिरवं आहे. कुणाचं काय बिघडलं? आता सांगितलं तर मोठ्या बाई माझी चामडी लोळवतील." त्याचंही खरंच आहे. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही, ताई, यावरूनच ओळख माझी काय अवस्था आहे.

धाकटी

३ एप्रिल

अजून टाकलं नाही पत्र. पुढं लिहिते.

आज जीपमधून काटा घरी घेऊन आले, नीट पुसायला म्हणून. कुणाला पुसायचंय! भुंगीला म्हटलं, चल, आपण दुकान-दुकान खेळू, तू बटाट्याचं पोतं. हसत आली. मी उभी राहिले, शून्य केलं, तिला उचललं.

अकरा. फार तर वर थोडं.

तीनदा केलं. दर वेळी वाटायचं आता काटा चुकेल. चुकला नाही. मग दंडाची पट्टी लावली, तीही लालमध्ये गेली. भुंगी म्हणते, "मावशी, मी किती रुपयांचं पोतं?" मी काटा पुसायला घेतला.

आता खरं ऐक. फ्रॉक बसला नाही. खांद्यांवरून खाली घसरतो. त्याच्या आधी पाठवलेला तिला अजून होतो, आणि तोच मी सारखा घालते, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. गुणगुणणं मोठी झाली म्हणून कमी झालं नाही, दम पुरत नाही म्हणून झालं. अंगणातून दारापर्यंत येते आणि उकिडवी बसते. जेवताना कपाळाला घाम येतो. एवढ्याशा पोरीला जेवायला घाम! मला दिसत होतं सगळं. मी म्हणत होते नाटकी आहे, लाडावली आहे. कारण नाहीतर तू म्हणालीस तेच खरं झालं असतं, की आम्ही तिची आबाळ केली. आणि मग तू तिला घेऊन गेली असतीस आणि मी तोंड वर करून एक शब्द बोलू शकले नसते.

हा आकडा वर गेला तर मोठ्या बाई पहिला प्रश्न हाच विचारतील की घरी खायला कोण घालतं. मी घालते. मी, पोरं मोजणारी, गावभर दुसऱ्यांच्या आयांवर खेकसणारी.

बसवत नाही, उभं राहवत नाही. अंगण तीनदा झाडलं. आई म्हणते, "जमीन झिजेल."

जाऊ दे. सांगते मी. उद्या सकाळी पहिल्यांदा तेच.

६ एप्रिल

ताई,

सांगितलं.

मोठ्या बाई दोन दिवस दौऱ्यावर होत्या, आज आल्या आल्या गाठलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. त्या एवढंच म्हणाल्या, "जीप काढा. आत्ता जाऊ." लंबूला एक शब्द बोलल्या नाहीत, तो त्यामुळेच जास्त घाबरला.

या वेळी काट्यावर आधी मी उभी राहिले. बाईंनी स्वतः बटण दाबलं. आईनं भुंगीला माझ्या हातात दिलं. भुंगी म्हणाली, "मावशी, परत पोतं?" म्हटलं, हो गं, परत पोतं.

बाईंनी आकडा वाचला. "अकरा पूर्णांक एक."

आता लंबूनं परत म्हणायचं. तो म्हणेना. लेखणी हातात, मान खाली. आई पदरानं नाक पुसतेय. बाई वाट बघतायत, कारण परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही हा त्यांचाच नियम. मला ते सहन होईना. भुंगीचं डोकं माझ्या खांद्यावर, तिची छाती माझ्या छातीला लागलेली, आत नुसती धडधड धडधड.

मग मीच म्हटलं. "अकरा पूर्णांक एक."

"लिहा," बाई म्हणाल्या.

मी तयार होते, ताई. म्हटलं आता विचारा, काय घालता, किती वेळा घालता. त्यांनी भुंगीला अंगणात चालायला लावलं. ती दारापाशी उकिडवी बसली तसं त्यांनी विचारलं, "ही अशी कधीपासून बसते?" मग ओठ बघितले, नखं बघितली. आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे नुसतं खाण्याचं नाही. उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या, मी चिठ्ठी देते. थांबू नका."

मागची दोन्ही पत्रं यातच घालते. सगळं एकदम वाच. कशी लिहिली तशीच पाठवते, दुरुस्त केली तर परत खोटी होतील.

धाकटी

९ एप्रिल

ताई,

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लिहितेय. आई आत भुंगीजवळ आहे. पाकीट इथल्याच पेटीत टाकते.

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मी काही विचारायला गेले तर बोटानं गप्प केलं. मग यंत्रावर चित्र काढलं. तिच्या हृदयात भोक आहे, ताई. जन्मापासून. बरंच मोठं आहे. म्हणून दम लागतो, म्हणून जेवताना घाम येतो. हृदयाला दुप्पट धावावं लागतं आणि खाल्लेलं सगळं त्यातच जातं. अंगाला काही उरत नाही.

मी विचारलं, "आमचं काही चुकलं का? खायला कमी पडलं?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही याच्या दुप्पट खाऊ घातलं असतं तरी वजन असंच राहिलं असतं." मी त्यांना परत म्हणायला लावलं. ते वैतागले, पण म्हणाले.

तिथं, सगळ्यांच्या समोर, रडले मी. शेजारच्या बाईनं पाणी दिलं.

तर बघ. तू म्हणालीस आम्ही खायला घालत नाही. मी म्हणाले तू टाकून दिलीस. वर्षभर आपण एकमेकींना ओरबाडलं, आणि ते भोक आपल्या दोघींच्याही आधीपासून तिथं होतं. दोघींनी मिळून एकदा तिच्या छातीला कान लावला असता तर.

यावर उपाय आहे. ऑपरेशन करून भोक बंद करतात. ते इथं होत नाही, तुझ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होतं. तारीख लवकर मिळेल, सरकारी योजनेत बसतं, मोठ्या बाईंनी सगळे कागद हलवलेत. एकच गोष्ट माझ्या हातात नाही. सही आईची लागते, म्हणजे तुझी. मी म्हटलं, मी सांभाळते, माझ्याजवळ झोपते, माझी चालेल का? कारकून म्हणाला, "तुम्ही मावशी ना? मग नाही चालणार." त्याचं बरोबर होतं, तरी त्याच्या कानाखाली द्यावी असं वाटलं.

म्हणून लिहिते. तूच म्हणाली होतीस शाळा सुरू व्हायच्या आत न्यायला येते. मी म्हणाले येऊ नकोस. आता म्हणते, थांबू नकोस. आणि फोन उचल गं, हात जोडते.

धाकटी

१८ एप्रिल

ताई,

फोनवर तू पहिला शब्दच बोलेनास. मला वाटलं लाइन गेली. मग तुझ्या मागे ती मशीनची घरघर ऐकू आली आणि तुझा श्वास. आणि मग तू जे म्हणालीस ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही: "मला वाटायचं, मी सोडून आले म्हणून ती वाढत नाही."

अगं वेडे! तू तिकडे हे उराशी धरून बसलीस, मी इकडे ते. आईला सांगितलं तर म्हणाली, "दोघी एकाच साच्यातल्या." मग बराच वेळ तुझा जुना फोटो पुसत बसली.

पुढच्या रविवारच्या गाडीनं येतो, मी आणि भुंगी. लंबू सोडायला येणार आहे स्टँडवर, नको म्हटलं तरी. बाईंनी त्याला महिनाभर फक्त काटा धरायला लावलाय, आणि प्रत्येक घरी तो आता ओरडतो, "जी उभी राहिली तिनंच घ्या!" मला रजा मिळाली. आपल्या वस्तीचा रंग हिरव्यावरून लालवर आला. एकट्या भुंगीमुळे नाही, बाकीची घरंही मोजली तेव्हा. आरोग्यगाडी महिन्यातून एकदा यायला लागेल असं म्हणतात. आली नाही तर बाईंचं टेबल आहेच.

ऑपरेशन होऊन ती धड होईपर्यंत मी राहीन तुझ्या खोलीत. जमिनीवर झोपेन. त्यानंतर ती कुठं राहायची ते मी आता बोलत नाही. तिला तुझ्या कुशीत झोप लागली तर तिथं. ते मला गिळायला जड जाणार आहे, पण गिळेन. फक्त तिला पोटावर पाय टाकायची सवय आहे, ढकलू नकोस.

आणि तू मागितलेलं माप. मार्चपासून देणं राहिलंय. आज तिला खुर्चीवर उभी करून घेतलं, आमच्या पाहणीच्या पद्धतीनं. मी आकडा वाचायचा, भुंगीनं मोठ्यानं परत म्हणायचा. धाप लागायची म्हणून मध्ये मध्ये थांबलो, पण एकदाही चुकली नाही. तूही वाचशील तेव्हा मोठ्यानं म्हण, मशीनवर कुणी हसलं तर हसू दे. दुसऱ्यानं म्हटल्याशिवाय आमच्यात आकडा धरत नाहीत.

छाती वीस इंच.

खांदा साडेआठ.

खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अठरा.

फ्रॉक याच मापाचा शिव, ऑपरेशनला जाताना तिच्या अंगावर नीट बसेल असा. पण आत शिवणीला कापड भरपूर सोड. डॉक्टर म्हणाले, भोक बंद झालं की ही पोरं भराभर वाढतात.

तुझी,
धाकटी